मेलेल्या बहिणीचं पासबुक

मोठमोठे गुन्हे मी विसरले, पण कळंब तालुक्यातलं दोन हजार पंधरा सालचं हे छोटं प्रकरण अजून विसरता आलेलं नाही.

सकाळची हजेरी चालू असताना ठाण्यात फोन आला. "मॅडम, आमच्या गावातली मेलेली बाई दर महिन्याला बँकेत येती बघा." फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. बँकेत पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी एक बाई स्लिपवर अंगठा उठवताना सापडली. पासबुक तिच्या थोरल्या बहिणीचं होतं. बहीण चार महिन्यांपूर्वी वारली होती, मृत्यूची नोंद कुणी केली नव्हती आणि श्रावणबाळ योजनेतून म्हाताऱ्या माणसांना मिळणारं तिचं अनुदान धाकटी उचलत होती. दोघींचा तोंडवळा सारखा, त्यामुळं कॅशियरला शंका आली नाही.

तहसीलमधून लेखी तक्रार आली, गुन्हा दाखल झाला. जबाब घ्यायला मी बसले. आधार कार्डावरून वय उतरवलं, बावन्न.

"बावन्न म्हणजे काय वय झालं? रोजानं जायचं, कमवून खायचं."

"कोण लावतंय कामाला, मॅडम? खुरपं धरलं की हात थरथरतोय."

"मग स्वतःचा अर्ज करायचा."

"केला की दोनदा. पासष्ट भरत न्हाय म्हणले."

जबाब घेताना मी जुनं काहीतरी विचारते, माणूस बोलायला लागतो. बहिणीबद्दल विचारलं.

"बहात्तरच्या दुष्काळात दोघी मिळून खडी फोडायला जायचो. माझी दोन लेकरं तितंच झाडाखाली निजायची."

मी पेन खाली ठेवलं. कार्डाप्रमाणे त्या दुष्काळात ही बाई आठ-नऊ वर्षांची होती.

"मावशी, कार्डावर हे वय कुणी घातलं?"

"मला कुठं ठावं माझं वय? नातीच्या लग्नात पोरींनी केस काळं केलं व्हतं. दुसऱ्याच दिवशी कार्डाचा कॅम्प. फोटूवाला हसला, म्हणला, तुमी तर लई तरण्या. त्यानंच घातलं."

अटक न करता तिला नोटीस देऊन सोडलं. ग्रामीण रुग्णालयात वयाची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी सत्तरच्या आसपास लिहिलं. तो दाखला दोषारोपपत्राला जोडला आणि एक प्रत तिच्या नव्या अर्जालाही लावली. अर्ज मंजूर झाला. तिनं न्यायालयात गुन्हा कबूल केला, चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सुटली.

गुन्हा खरा होता, मी तो कमी करून लिहिला नाही. पण तिचा पाठीचा बाक, दात नसलेलं तोंड, थरथरणारे हात टेबलाच्या पलीकडं होते आणि मी कार्ड वाचून तिला कामाला जायला सांगत होते. फोटोवाल्यानं निदान तिच्याकडं एकदा पाहिलं तरी होतं.