ओ न देणारे गृहस्थ

कर्वेनगरच्या लिव्हरच्या डॉक्टरांकडे आम्हा हेपटायटिस सीवाल्यांचा एक बाक ठरलेला होता. त्यावर एक निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्र उघडून बसत. इंजेक्शनांनी थंडी वाजायची, म्हणून भर मे महिन्यात कानटोपी घालत, पण पेपर सोडत नसत. रिसेप्शनवरून नाव पुकारलं तरी ढिम्म. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, कोपर मारलं की मग सावकाश घडी घालून उठत.

वर्षभर इंजेक्शनं टोचूनही विषाणू हटला नाही. डॉक्टरांनी त्यांना ‘नॉन-रिस्पॉन्डर’, म्हणजे औषधाला प्रतिसाद न देणारे, ठरवलं. बाहेर येऊन काकू मला म्हणाल्या, "यात नवीन काय? हाकेला ओ द्यायची नाही, हे लग्नापासूनचं आहे."

पेपरचं पान उलटलं. हसावं तर माझाही रिपोर्ट तोच होता.

काही वर्षांनी गोळ्या निघाल्या. आम्ही दोघांनीही तीन महिने घेतल्या, मग आणखी तीन महिन्यांनी रक्त दिलं. त्यांचा रिपोर्ट घ्यायला काकूच आत गेल्या.

"विषाणू गेला," त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या. "पण लिव्हर आधीच कडक झालंय, तेव्हा सोनोग्राफीला दर सहा महिन्यांनी यायचंच." मग पेपरकडे वळल्या. "अहो, ऐकलंत का? लिव्हरनं ओ दिली. आपलं काय?"

पेपरचं आणखी एक पान उलटलं. मग त्यामागून आवाज आला, "ओ."

काकू पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या. तो त्यांच्या हातातच होता.