तक्रार नसलेली गल्ली

लातुरात पाणी सोडणारा चांदपाशा भारी सरळ माणूस. इतका सरळ, की घरच्यांना वैताग यावा. एकतीस वर्षं टाकीवरच्या चाव्या त्याच्या हाती, पण स्वतःच्या पिंजारगल्लीला त्यानं कधी दहा मिनिटं जास्त पाणी सोडलं नाही. गल्ली लाइनीच्या पार शेवटाला. नळ आला की त्याची बायको रईसा खाली घागर लावून भाकरी थापायला बसायची. भाकऱ्या व्हायच्या, घागर भरायची नाही.

एकदा नांदेडच्या कॉलेजातून लुंबिनी आली, मूळची बिलोलीची इंजिनिअर पोरगी. शहराचे नळ वर्षागणिक कसे पसरत गेले ते कॉम्प्युटरवर मांडायचं, म्हणजे पुढची दहा वर्षं पाइप कुठं लागतील ते कळतं, असं तिचं म्हणणं. जुन्या पाइपांची सालं कागदावर नव्हतीच, ती चांदपाशाच्या डोक्यात. "हा भूकंपाच्या दुसऱ्या साली. हा आमची पोरगी अर्शी झाली तवा. आन् हा पाण्याची रेल्वे आली त्या साली." लुंबिनीनं सगळं भरलं, त्याच्या हातची तक्रारवहीसुद्धा.

पडद्यावर शहर वाढत गेलं. रेणापूर रस्त्याला पाइप, नव्या कॉलन्यांना पाइप. पिंजारगल्ली होती तशीच.

"चाचा, एकतीस वर्षांत तुमच्या गल्लीची एक तक्रार न्हाई," लुंबिनी म्हणाली. "मशीनला वाटतंय, हितं समदं सुखात हाय. शुक्रवारी नव्या पाइपांची यादी वर जाणार. तवर वहीत आलं तर मशीनला कळंल."

गल्लीतले लोक चांदपाशाच्याच ओट्यावर येऊन बोंबलायचे, आणि हा म्हणायचा, घरचं गाऱ्हाणं आपल्याच हातानं कसं लिहू, लोक काय म्हणतील? आजवर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तिचीच त्याला लाज वाटली. रात्री त्यानं रईसाला सगळं सांगितलं.

गुरुवारी ती टाकीवर आली आणि तक्रारीच्या रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी चांदपाशानं वही उघडली.

"नाव?"

"तुमाला ठाव न्हाई व्हय?"

"वहीला ठाव न्हाई."

तिनं नाव सांगितलं.

"तक्रार काय?"

"पाणी येत न्हाई."

"कवापासून?"

"लग्न झाल्यापासून."

चांदपाशानं लग्नाचं साल लिहिलं. शेवटच्या रकान्यात पाणी सोडणाऱ्याचा शेरा लागतो. तिथं त्यानं लिहिलं, 'तक्रार खरी आहे', आणि खाली सही केली.