एक काज सोडून

मुलांच्या दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात, भिंतीलगतच्या लोखंडी बाकावर मी ताठ बसले आहे. झोपलेली नाही. भर दुपारी चारचौघांत झोपणे मला कधीच मान्य नव्हते, आणि आज तर केव्हाही आतून बोलावणे येईल. ड्रेसिंगची गाडी अजून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिचे एक चाक कुरकुरते. ते कुरकुरणे जवळ आले की उठायचे. कान तिकडे ठेवून मी केवळ डोळे मिटते.

आत माझी पणती शाल्मली आहे. चार वर्षांची. चहाचे आधण तिच्या डाव्या हातावर सांडले. आता रोज पट्टी सोडायची, जखम धुवायची, नवी पट्टी बांधायची. काल तिला चौघांनी दाबून धरले. तिची आई मेघना रडू लागली, आईला पाहून पोर अधिकच किंचाळली, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. दूधही घेत नाही. सकाळी डॉक्टर बागवान आल्या. त्या म्हणाल्या, "आज तिला कुणी दाबायचं नाही. घरातलं खंबीर माणूस तिला मांडीवर घेऊन बसू दे आणि तिचं लक्ष दुसरीकडे नेऊ दे. आजही कालच्यासारखं झालं, तर दर वेळी भूल द्यावी लागेल. एवढा खोकला झालाय तिला, मला ते करायचं नाही."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. "मी बसेन," मी म्हणाले. मी बोलल्यावर आमच्या घरात पुढे चर्चा होत नाही.

खंबीर तर मी आहेच. मात्र लहान मुलाचे लक्ष दुसरीकडे कसे नेतात, हे मला ठाऊक नाही. मोबाईलवरचे हत्ती-घोडे दाखवून झाले. तिने तोंड फिरवले. फुगाही नको म्हणाली, तेही मानेनेच.

चाक कुरकुरते, थांबते, पुन्हा कुरकुरते. आता तो आवाज विहिरीवरच्या रहाटाचा आहे. पायांखालची फरशी शेणाने सारवलेली आहे, अजून ओलसर. सलाइनच्या खांबाला पेरू लागले आहेत. त्या पेरूखाली, आमच्या कराडच्या घराच्या परसात, चंपूवन्सं पाटावर बसल्या आहेत. चंपावती, माझ्या यजमानांची धाकटी बहीण. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे झाली हे मला माहीत आहे. त्यांनाही माहीत असावे, कारण त्या पेरू खात आहेत आणि त्याचा आवाज होत नाही.

"वहिनी, बाकावर बसून डुलक्या?" त्या म्हणतात. "लोक बघतायत."

"मी झोपलेली नाही."

"बरं, नाही तर नाही."

"वन्सं, थट्टेला वेळ नाही. गाडी येते आहे. कान टोचताना तुम्ही मुलांना कशा रमवत होतात, तेवढं सांगा."

"मी कुठे काय करत होते? धरत तर तुम्ही होतात."

ते खरे आहे. आमच्या घराण्यात बाराव्या दिवशी कान टोचत नाहीत. मूल तीन-चार वर्षांचे झाल्यावर टोचतात. त्यामुळे त्याला सारे समजते आणि ते पुरते घाबरते. मामाच्या मांडीवर बसवायची रीत आहे. पण आमच्याकडचे मामा तार पाहूनच डोळे मिटून घेत, म्हणून धरण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या हातांत एकही मूल हलले नाही. समोर वन्सं असत. त्या काय बोलत, याकडे मी लक्ष दिलेले नाही. माझी नजर सोनाराच्या बोटांवर असे.

पाहते तो पोतदार सोनार समोर बसलेलेच आहेत. हातात सोन्याची तार, तोंडाला मात्र दवाखान्यातला हिरवा मास्क. माझ्या मांडीवर ऊब आहे. खाली माझा थोरला, दिगंबर, लंगोटात बसलेला. मग तो दिगंबर नसतो. डाव्या हाताला पट्टी असते. शाल्मली माझ्याकडे पाहत नाही.

"धरू का?" मी विचारते.

"धरा, पण दाबू नका. कुशीत घ्या नुसती." वन्सं सोनाराकडे वळतात. "अहो पोतदार, आज गुडघा टोचायचाय ना? उजवा की डावा?"

मांडीवरचे पोर चुळबुळते. "गुडघा नाही. कान."

"कान होय? मग पोट उघडं कर बघू."

"कान पोटावर नसतो. इथे असतो."

"ते तर नाक आहे तुझं."

"हे नाक नाही. नाक हे."

"काय सांगतेस? मग मी इतकी वर्षं शिंकते कशातून?"

पोर हैराण होऊन स्वतःचा कान ओढून दाखवते, नाक दाबून दाखवते. तोवर पोतदारांनी तार घालून वळवलेली असते. पोर एकदा कळवळते आणि पुन्हा वन्संना समजावू लागते.

"एवढंच?" मी म्हणते.

"एवढंच."

"म्हणजे खोटं बोलायचं."

"चुकायचं, वहिनी. पोराच्या देखत. सगळे त्याच्या अंगावर ओणवलेले, आणि त्याचं कुणी ऐकत नाही. तेवढ्यात समोरचं मोठं माणूस अगदीच ढ निघालं, की बिचाऱ्याला केवढं काम मिळतं. दुखणं जरा बाजूला बसतं."

"जरा?"

"जराच. रडली तर रडू द्या."

परसाची भिंत सरकते. पलीकडे कृष्णेचा घाट आहे, आणि त्याच्या पायऱ्यांवरून ड्रेसिंगची गाडी एकेक पायरी खाली उतरत आमच्याकडे येते आहे. तिच्यावरच्या कात्र्या वाजतात.

"वन्सं, मला चुकता येत नाही." हे वाक्य मी आयुष्यभर मोठ्या अभिमानाने बोलत आले. आज ते कबुलीसारखे निघते.

"ठाऊक आहे. तुमची चूक काढायची घरात छाती कुणाची होती? आमटी खारट झाली तरी दादा म्हणायचे, झकास."

"माझी आमटी कधी खारट झाली नाही."

"म्हणून म्हणते, काम अवघड आहे." वन्सं पेरू पदराला पुसून बाजूला ठेवतात. "उभ्या राहा."

ड्रेसिंगची खोली गार असते, म्हणून मी करड्या लोकरीचा स्वेटर घातला आहे. वन्सं समोर येतात, शाळेला निघालेल्या मुलीची काढावीत तशी माझी बटणे काढतात आणि पुन्हा लावू लागतात. त्यांची बोटे गार आहेत. पेरूचा वास येतो.

"अहो, काय करता आहात? हे चुकलं. वरचं काज मोकळं राहिलं."

"हो का? कुठलं?"

"हे. हे बटण या काजात. आणि ते खालचं... वन्सं, तुम्हाला साधी बटणं लावता येत नाहीत?"

"मग हे कुठे जाईल?"

"त्याच्या वर. अहो, वर. त्याच्याही वर." मी बोट ठेवून दाखवते, आणि दाखवता दाखवता थांबते. कात्र्या केव्हापासून वाजतच होत्या. मी त्या ऐकल्याच नव्हत्या.

वन्सं पदराने फक्त ओठ पुसतात.

"तुम्हीच चला ना आत," मी म्हणते.

"मला कुठे आत सोडतात आता?"

"आजी. आजी, चला, वेळ झाली."

सिस्टर समोर उभ्या आहेत. पायांखाली पांढरी फरशी आहे. कुरकुरणारी गाडी दाराशी पोहोचली आहे. माझ्या शेजारी मेघना उभी आहे. तिची नजर माझ्या गळ्याशी जाते, ओठ हलतात, आणि ती मुकाट्याने खाली पाहते.

मी मान वाकवून पाहते. गळ्यापाशी एक काज रिकामे आहे. खाली एक बटण वाऱ्यावर लोंबते आहे. स्वेटर सगळा वाकडा. सकाळी आरशासमोर उभे राहून, खालून वर एकेक बटण मी स्वतः लावले होते.

हात आपोआप गळ्याकडे जातो. तिथून मी तो परत खाली घेते, आणि आत जाते.

शाल्मलीला मी माझ्याकडे तोंड करून मांडीवर घेते. तिचा डावा हात सिस्टरांकडे आहे. अंग लाकडासारखे झाले आहे. सिस्टर कात्री उचलतात, आणि तिचा श्वास थांबल्याचे माझ्या छातीला कळते.

"शाल्मली," मी म्हणते, "आज मी किती व्यवस्थित आले आहे, पाहिलंस का?"

कात्री पट्टीला लागते. तिचे डोळे कात्रीकडे जातात, तिथेच खिळतात. मी वाट पाहते. दुसरे काही मला येत नाही.

मग तिची नजर माझ्या गळ्याशी येते. उजव्या हाताचे एक बोट वर येते आणि रिकाम्या काजात शिरते.

"मोठी आजी," कालच्या रडण्याने घोगरलेला आवाज येतो, "हे चुकलंय."

"मुळीच नाही. माझं कधी काही चुकत नाही."

"चुकलंय," ती म्हणते, आणि एका हाताने माझे पहिले बटण काढू लागते.