पायमोजाभर टरफलं

निघायच्या दिवशी लोक पासपोर्ट, सोनं, औषधं घेऊन निघाले होते. आमच्या हातात सासूनं कांद्याची टरफलं दिली. नायलॉनचा एक जुना लांब पायमोजा, वरपर्यंत ठासून भरलेला. युक्रेनच्या दक्षिणेकडचं ते लहानसं गाव, फाटकाबाहेर बर्फाचा चिखल, चालू इंजिनाची बस, आणि लांबून येणारे धमाके. मी बायकोला, लेनाला, आणि तीन वर्षांच्या मीलाला आत चढवत होतो. सासू खिडकीशी आली आणि म्हणाली, "ईस्टर सात आठवड्यांवर आलाय. तुमच्याकडे कांदे कसे मिळतात कुणास ठाऊक."

आमच्याकडे! मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या माथाडी कामगाराचा मुलगा. साताऱ्याकडून आलेल्या माझ्या वडिलांनी, तात्यांनी, सगळा जन्म पाठीवर कांद्याच्या गोण्या वाहिल्या. संध्याकाळी ते नेरूळच्या घरी आले की आई दारातच अडवायची, "आदी कापडं भाईर झाडा, घरात कचरा नगं." तो कचरा म्हणजे हीच टरफलं. डॉक्टर व्हायला परदेशी गेलो तेव्हा मनात एक पक्कं होतं, आपल्या कपड्यांना कांद्याचा वास येता कामा नये. आणि पडलो कुठे, तर टरफलं वर्षभर जपून ठेवणाऱ्या घरात.

तुमच्यापैकी जे माझ्याबरोबर तिथे शिकले, तिथेच रमले आणि मग वाट फुटेल तिकडे पांगले, त्यांना ती स्वयंपाकघरं आठवत असतील. ईस्टरच्या आधी घरात मोठ्यानं बोलायचं नाही, दार आपटायचं नाही, कारण पास्क्याचं पीठ फुगायला ठेवलेलं असतं. पास्का म्हणजे मनुका घातलेला उंच, गोड पाव. आवाज झाला तर तो बसतो, असं सासू म्हणायची, तिची आईही म्हणायची. आणि दुसऱ्या शेगडीवर टरफलांच्या पाण्यात अंडी उकडत असायची. बाहेर काढून तेलाचं बोट फिरवलं की घासलेल्या तांब्यासारखी दिसायची. सासूला तिकडे 'मामा' म्हणतात. आई फोनवर ऐकून म्हणाली होती, "सासूला मामा? आन् मग मामाला काय म्हंतोस?"

तो पायमोजा मी फेकला. सीमेच्या अलीकडे बस बदलावी लागली, तिथे माणशी एकच पिशवी म्हणाले. मीलाचे गरम कपडे की टरफलं, एवढाच प्रश्न होता. आणि खरं सांगायचं तर मला फार विचारही करावा लागला नाही. टरफलंच ती. पेट्रोल पंपाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. लेनाला सांगितलं, आधीच्या बसमध्ये राहिली.

नेरूळच्या दोन खोल्यांत आम्ही सहा आठवडे कसे काढले ते सोडून देतो. ईस्टर आला तसं लेनानं तात्यांना खुणांनी टरफलं मागितली. तात्या माझ्याकडे बघत राहिले. "आरं, ही झाडून झाडून माझं आयुष्य गेलं, आन् हिला तीच पायजेत?" दुसऱ्या दिवशी अर्धी गोणी घेऊन आले. "येक येक निवडून आणलंय. भिजलेलं येकबी नाय."

पास्क्याचं पीठ इथल्या उकाड्यात तासाभरात डब्याबाहेर आलं आणि आंबलं. खालच्या रस्त्यावर कुणाच्या तरी हळदीचा डीजे लागला होता. तरीही जे काही भाजून निघालं ते आईनं देव्हाऱ्यापुढे ठेवलं. "द्येव काय येगळा हाय व्हय," म्हणाली, पण अंडी मात्र ओट्यावरच ठेवायला लावली. ती अंडी जांभळट, काळसर झाली होती. आपला कांदा लाल, तिकडचा पिवळा. डॉक्टर झालो, पण एवढं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लेना एक अंडं हातात धरून बसली. "हा आपला रंग नाही," एवढंच म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर मामानं विचारलं, "माझी टरफलं वापरली ना?" लेना काही बोलायच्या आत मी म्हणालो, "हो." लेनानं मला खोडून काढलं नाही. मीही मूग गिळून बसलो, तो पुढे चार वर्षं.

या चार वर्षांत आम्ही सगळं करून पाहिलं. पांढऱ्या कांद्याची टरफलं, हळद, चहा. रंग येत नाही. मामाला इकडे आणायचंही करून पाहिलं. कागद जमवले, तिकीट काढलं, ती बसपर्यंत आलीच नाही. गोणी असती तर तात्यांनी पाठीवर घालून आणली असती. माणसाचं काय करायचं? बातम्यांत त्या बाजूच्या गावाचं नाव आलं की लेना फोन लावते, लागत नाही, पुन्हा लावते. मी शेजारी बसून राहतो. आजवर कितीतरी पेशंटच्या घरच्यांना मी धीर दिला असेल, घरात मात्र तिचा फोन चार्जिंगला लावून देतो, एवढंच.

यंदा ईस्टरला दुपारी फोन लागला. मीलानं आमची काळी अंडी मिरवून दाखवली. मामानं तिचं एकुलतं एक अंडं कॅमेऱ्यासमोर धरलं, तसं मीला म्हणाली, "आजी, तुझं अंडं असं तांबडं कसं झालं? बिघडलं का?"

लेना उठून आत गेली. मला राहवलं नाही. मी मामाला सांगून टाकलं, की तुझा पायमोजा मी फेकला होता, वाटेत, कचऱ्यात.

"पहिल्याच वर्षी कळलं मला," ती म्हणाली. "रंग दिसला की. म्हणून तर दुसरा भरायला घेतला." फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. दारामागे खिळ्याला पायमोजा टांगलेला होता. पण तो जेमतेम टाचेपर्यंत भरला होता. आधी शेजारपाजारची टरफलंही त्यात यायची. आता गल्लीत कुणी उरलेलं नाही. "एकटी बाई कांदा खाऊन खाऊन किती खाणार?" म्हणाली आणि हसली.

माझ्या मागे तात्या उभे होते. त्यांना भाषा कळत नाही, पायमोजा कळला. "त्यास्नी म्हनावं, हितं या. आमास्नी रंग नाय जमत." मी ते तिला सांगितलं. तिनं खिळ्यावरचा पायमोजा सरळ केला. मग म्हणाली, "मी तिकडे आले, आणि तुम्ही परत आलात, तर दार कोण उघडणार?" तेवढ्यात तिकडची वीज गेली आणि फोन तुटला.

मला आता कुणी घर कुठलं विचारलं तर मी नेरूळ सांगतो, आणि खोटं बोलल्यासारखं वाटतं. तिकडचं सांगावं तर तिथे आम्ही नाही. माझं घर म्हणजे एक बाई आहे, जी आमच्यासाठी दार उघडायला थांबली आहे आणि आम्ही जाऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या मार्केटमधून आले ते कपडे न झाडताच आत शिरले. हातात टरफलांची पिशवी होती. मी म्हणालो, "तात्या, सण झाला काल." आई दारातच उभी होती, पण ओरडली नाही.

"असू दे," तात्या म्हणाले, आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळा ठोकायला लागले.