तिसरा ढीग

चिंधीमावशी चादर हातात घेत, तेव्हा आधी डोळे मिटत. धुतलेली, सोड्यात उकळलेली, उन्हात वाळलेली ती फाटकी चादर त्या अंगठा आणि दोन बोटे यांच्यामधून किनारीपासून किनारीपर्यंत ओढत आणि मग सांगत, "याच्यावरचा मानूस लई दिवस निजून होता, शास्त्रीबुवा. पाठीखालीच विरली हाय." मी चादरीचा क्रमांक नोंदवहीत पाही. त्यांचे कधी चुकले नाही. आज त्यांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली. तरी सकाळी स्नानानंतर घडीचे धोतर हातात घेताना माझी बोटे नकळत तशीच किनारीवरून सरकतात, आणि मी ते धोतर चटकन खाली ठेवतो.

मी पाठशाळेत व्याकरण शिकलेला मनुष्य. परंतु उपजीविकेने मला नागपुरातील एका धर्मादाय रुग्णालयाच्या भांडारात आणून बसवले. सत्तरच्या दशकाचा तो आरंभ होता. मावशी तेथे वॉर्डात आया होत्या. त्यांच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्या वेळी नव्या नवरीच्या वयात पांढरे लुगडे नेसून आपण सासूबरोबर चालत गेलो होतो, हे त्या अभिमानाने सांगत. त्यांचे खरे नाव फक्त हजेरीपटावर उरले होते. मी भांडाराची किल्ली त्यांच्या हातात देत नसे, टेबलावर ठेवत असे. चार दिवस त्यांनी ते पाहिले. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "काय बाप्पा शास्त्रीबुवा, किल्लीले करंट हाय का?" भांडारात आलेल्या सगळ्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मी किल्ली हातात देऊ लागलो. त्या हसण्यात विखार असता, तर कदाचित मी आयुष्यभर टेबलावरच ठेवत राहिलो असतो.

रुग्णालयाच्या मागे एक खड्डा होता. फाटक्या चादरी, खोकी, कागद, सलाइनच्या काचेच्या बाटल्या, सारे तेथे जाई आणि दर शनिवारी पेटवले जाई. आगीत बाटल्या फुटल्या की वॉर्डातले रोगी दचकत. एका शनिवारी मावशी सरळ मोठ्या डॉक्टरांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, हे जाळून काहून राहिले? याचं आयुष्य बाकी हाय अजून." डॉक्टर हसले, पण धोबीघराशेजारची एक रिकामी खोली त्यांनी दिली. वर्षभरात तेथे रंगांनुसार बाटल्यांच्या टोपल्या लागल्या, खोकी दाबून त्यांचे गठ्ठे बांधले जाऊ लागले, आणि शनिवारचा धूर जवळजवळ थांबला. डॉक्टर पाहुण्यांना ती खोली दाखवत आणि 'आमची योजना' म्हणत. मावशी मागे उभ्या राहून पदर तोंडाला लावत.

त्यांचा जीव मात्र कापडात होता. जुन्या सुती कापडाइतके तान्ह्या अंगाला दुसरे काही मऊ लागत नाही, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. विरलेल्या चादरींचे त्या दोन ढीग करत. एकाच्या पट्ट्या होत. दुसऱ्याची दुपटी आणि लंगोट शिवून गरीब बाळंतिणींना दिली जात. आणि भिंतीशी एक तिसरा ढीग असे. त्यातल्या कापडाची केवळ फरशी पुसण्याची फडकी होत; ते माणसाच्या अंगावर परत जात नसे. एखादा रोगी दगावला की त्याच्या चादरीच्या कोपऱ्यात मावशी काळ्या दोऱ्याचा एक टाका घालून ठेवत, आणि तसा टाका असलेली चादर फाटली की ती तिसऱ्या ढिगात जाई.

मी एकदा विचारले, "मावशी, तुम्ही तर हे शिवाशिवीचे, विटाळाचे सगळे सोडलेत. मग हे काय?"

"कपडा उकयता येते, शास्त्रीबुवा," त्या कात्री चालवत म्हणाल्या. "मानसाचे डोये कसे उकयता?"

मी ते एक चतुर उत्तर म्हणून ऐकले आणि सोडून दिले.

त्या उन्हाळ्यात उमरेडची एक विणकर बाई आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. विषमज्वर होता. सात आठवडे ती मुलगी त्याच खाटेवर होती. हाताला काम नसले की त्या बाईला बसवत नसे. मुलीच्या उशाखालची चादर फाटली, तेव्हा मावशींनी तिला सुई आणून दिली. तिने आपल्या लुगड्याच्या काठातून हिरवा दोरा ओढला आणि फाटलेल्या जागी धाग्याला धागा गुंफून असे रफू केले की ते मागावरूनच उतरल्यासारखे दिसे. मुलगी वाचली नाही. मावशींनी त्या चादरीला काळा टाका घातला, आणि पुढे ती फाटली तेव्हा स्वतः नेऊन ढिगाच्या तळाशी ठेवली.

पावसाळ्यात मावशी बहिणीकडे कुहीला धानाच्या रोवणीसाठी गेल्या. त्याच आठवड्यात बाळंतिणींच्या वॉर्डात खाटा वाढल्या आणि दुपटी कमी पडली. दुसरा ढीग संपला होता. तिसरा छातीइतका उंच होता. अग्नी, जल आणि सूर्य या तिघांनी शुद्ध केलेल्या वस्तूला दोष उरत नाही, असे मी बाळपणापासून मानत आलो होतो. ज्या बाईने माझे देव सोडले तिने एक भ्रम मात्र जपून ठेवला आहे, आणि तो दूर करणे हे माझे काम आहे, असे मला वाटले. तसे वाटण्यात मला थोडे सुखही झाले. आज ते लपवण्यात अर्थ नाही. कोपऱ्यांतले काळे टाके मी माझ्या हाताने उसवले. शिंप्याला कापड देताना ते हिरवे रफू माझ्या दृष्टीस पडले. इतके सुंदर काम वाया का घालवावे, म्हणून ते दुपट्याच्या मधोमध येईल असे मीच सांगितले.

मावशी परतल्या. त्यांनी ढिगाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"ढीग उतरला, शास्त्रीबुवा."

"फरशीला फडकी जास्त लागली," मी म्हणालो.

"बरं," त्या म्हणाल्या.

महिनाभराने ती विणकर बाई पुन्हा आली. या वेळी सुनेला घेऊन. नात झाली. परिचारिकेने बाळ गुंडाळून आजीच्या मांडीवर दिले. मी तेव्हा सामान मोजून देण्यासाठी वॉर्डातच होतो. बाईने बाळाच्या तोंडावरून हात फिरवला, छातीवरून फिरवला, आणि तो हात तेथेच थांबला. ती ओरडली नाही. तिने बाळाला उघडे करून सुनेच्या कुशीत दिले, दुपटे मांडीवर पसरले आणि नखाने ते रफू उसवू लागली. एक एक धागा. परिचारिका घाबरून मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली, मावशी धावत आल्या, तरी तिचे नख चालूच होते. शेवटी हिरव्या धाग्यांचा तो पुंजका तिने मुठीत धरला आणि भोक पडलेले दुपटे खाली टाकले.

"माझ्या सुमनची चादर हाय हे," ती म्हणाली. "कोनं दिली माझ्या नातीले?"

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिले. माझ्या हातात नोंदवही होती. जीभ टाळूला चिकटली, असे लोक म्हणतात; माझी चिकटली नव्हती. मला बोलता येत होते.

मावशी तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. "माही चूक झाली, बाई. दुपटे म्याच करतो इथं."

योजना बंद झाली. खोलीला कुलूप लागले, मावशींना आवार झाडायला लावले गेले, आणि शनिवारचा धूर पुन्हा सुरू झाला. बाटल्या फुटत, तेव्हा आता मी दचकू लागलो. मावशी आवारात झाडू मारत असत, मी भांडाराच्या खिडकीत बसत असे. मध्ये वीस पावलांचे अंतर होते. ते मी चार वर्षे ओलांडले नाही.

निवृत्त झाल्यावर कळले, की मावशींनी अंथरूण धरले आहे. मी नागपुरातल्याच इंदोरा वस्तीत त्यांच्या घरी गेलो. त्यांनी सुनेला सांगून मला खुर्ची दिली. मी सांगितले, "मावशी, ते मी केले होते."

"माहीत हाय. आली त्याच दिवशी समजलं. आठ दिवस वॉर्डावॉर्डात दुपटे धुंडून राहिली होती मी. चार सापडले. तेच नाही सापडलं."

"मग माझे नाव का सांगितले नाही?"

"चूक झाली, हे कोनीतरी म्हनाले पायजे होतं ना त्या बाईले. तुमी म्हनून नाही राहिले, म्हनून मी म्हनली." मग माझ्याकडे वळून, अगदी मृदूपणे, "आता तुमी म्हनून राहिले. पन मले म्हनून काय फायदा? उमरेडले जा. बसस्टँडपासून तिसरी गल्ली, निंबाखालचं घर."

घर त्यांना कसे ठाऊक, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

मी एस.टी.ने गेलो. गल्लीत मागांचा खटखटाट होता. निंबाखालच्या घरात ती बाई मागावर बसली होती. दाराशी चार-पाच वर्षांची एक मुलगी बसून माझ्याकडे पाहत होती. त्या मुलीकडे मी पाहू शकलो नाही. उभ्यानेच सारे सांगितले, काळ्या टाक्यांसकट, काहीही न गाळता. माग थांबला.

"ते बाई आली होती इथं," ती म्हणाली. "सुमन गेली त्याच्या दुसऱ्या साली. या ओट्यावर दिवसभर बसून राहिली. संध्याकायी मी तिले माफ केलं. लई जड गेलं मले." तिने मागाचा धोटा हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला. "आता तुमी म्हनता, चूक तिची नव्हती. मंग मी माफ कोनाले केलं गा?"

मी हात जोडून उभा होतो.

"एकच माफी होती माझ्याजवय. ते तिले देऊन टाकली. आता तुमाले कोठून आनून देऊ?"

ती रागावलेली नव्हती. खरोखरच विचारत होती. मग तिने मान खाली घातली आणि माग पुन्हा चालू केला.

परत जाऊन मावशींना काय सांगावे, हे मला उमरेड ते नागपूर या वाटेत सुचले नाही. सुचेल तेव्हा जाईन, असे म्हणून मी घरी थांबलो. त्या पावसाळ्यात मावशी गेल्या. मला ते अजून सुचलेले नाही.