रेघेखालचा वळू

चावडीच्या भिंतीवर कोळशाची रेघ होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. पाटलानं आमच्या भुऱ्याला तिथं उभं केलं. भुऱ्याचं वशिंड रेघेच्या चार बोटं खाली राहिलं.

"हे वळू हाय का बकरं?" पाटील म्हणाला.

लोक हसले. माझा बाप वहाणा हातात घेऊन पायरीखाली उभा होता. म्हणाला, "पाटील, थो बरडावर राह्यते जी. कुसळं खाऊन दिवसभर वखर वढते."

"मंग मालकाले बी मोजा," पाटील म्हणाला. "वाक. ढोरासारखा उभा राह्य."

बाप वाकला. हात गुडघ्यांवर, पाठ आडवी. कोणीतरी त्याच्या पाठीवर काठी ठेवून माप घेतलं. "हा बी खालीच भरला," तो ओरडला. चावडी खदखदली.

मीही हसले.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना मला ते लपवावंसं वाटेल. मी पंधरा वर्षांची होते. पाटलाच्या पोरी ओसरीवर उभ्या होत्या आणि मला त्यांच्यासारखं दिसायचं होतं. खाली वाकलेल्या माणसासारखं नाही.

तेव्हा राज्य इंग्रजाचं होतं. मेडशीच्या अलीकडच्या डोंगरपट्ट्यात आमची वस्ती. जमीन म्हणजे बरड, वीतभर माती आणि खाली दगड. काळ्या रानातला मोठा बैल तिथं दोन दिवसांत लंगडायचा. आमची ढोरं बुटकी, टणक खुरांची, काटा पाला खाऊन तगणारी. पाटलानं बाहेरून एक पांढरा उंचापुरा वळू आणला होता. रोज सरकी खाणारा. गावातल्या सगळ्या गायी त्यालाच दाखवायच्या, असा त्याचा हुकूम. म्हणून जो वळू रेघेखाली भरेल तो खच्ची करायचा. त्यासाठी ढोरांचा डाक्टर चिमटा घेऊन आला होता.

चिमटा बघून भुऱ्या बिथरला. दावं तोडून पळाला आणि बोराटीत घुसला. चार गडी दमले. मग कोणीतरी सांगितलं की तो या पोरीच्या हाकेवर येतो.

"पोरी, बोलाव त्याले," पाटील म्हणाला.

बाप माझ्याकडे बघत होता. त्यानं मान हलवली. नको म्हणाला. मला स्पष्ट दिसलं.

मी हाक मारली. "आ भुऱ्या, आ."

तो आला. काट्यांनी ओरबाडलेला, माझ्या तळहातात नाक घालून उभा राहिला. त्यांनी त्याला माझ्या हातातून घेतलं, पाडलं, पाय बांधले. चिमट्याचा आवाज झाला. भुऱ्या ओरडला तेव्हा त्याचे डोळे माझ्याकडे होते.

"शायनी पोर हाय," पाटील म्हणाला. मला बरं वाटलं. कसं सांगू, खरंच बरं वाटलं.

आमची चांदी नावाची गाय होती. तिच्या पायाशी भुऱ्याचा एक गोऱ्हा होता, दूधपिता. पुढच्या माजाला हुकमाप्रमाणं तिला पाटलाच्या वळूकडे नेलं. दिवस भरले आणि ती अडली. वासराचे पाय बाहेर आले, डोकं येईना. मी आणि बाप सकाळपासून ओढत होतो. दुपारी चांदीनं मान टाकली. वासरू पोटातच गेलं.

बाप कोपरापर्यंत रक्तानं भरलेला होता. मला वाटलं, आता मारेल. मारावंच, असंही वाटलं. तो एवढंच म्हणाला, "तिच्या पोटात तिच्या मापाचंच मावते वो माय."

हाकेबद्दल त्यानं त्या दिवशी काही विचारलं नाही, नंतरही नाही. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मी मोकळी झाले नाही. भुऱ्या वखराला चालत होता, पण मी हाक मारली की कान फिरवायचा आणि जागचा हलायचा नाही. जनावराला कळतं. मला कळायला चांदी मरावी लागली, याची लाज मी अजून उराशी बाळगून आहे.

त्या पावसाळ्यात आणखी दोन घरांच्या गायी अशाच अडून मेल्या. रेघ मात्र भिंतीवर तशीच.

गोऱ्हा दोन वर्षांचा झाला आणि डाक्टर पुन्हा आला. वस्तीवर भुऱ्याच्या बीजाचा तेवढाच एक उरला होता. गड्यांना बघून तो बरडावर चढला, पार दगडांच्या टोकावर. पाटलाचा वळू तर सोडाच, गडीही तिथं चढेनात. पाटील स्वतः आला. गोऱ्हाही माझ्याच हाकेवर यायचा, ते त्याला ठाऊक होतं.

"बोलाव त्याले," मला म्हणाला. तोच आवाज.

"नाई बोलावनार."

"काय म्हनली?"

"नाई बोलावनार. चांदी मेली, आनखी दोन मेल्या. थ्या तुमच्या रेघेनं मेल्या. अन् पयलेची हाक मी मारली, म्हून माह्या बी हातानं मेल्या."

पाटलाचा चेहरा बदलला. "उद्यापासून गायरानात तुमचं एक खूर दिसलं तं पाह्यजा," तो म्हणाला.

बापाचे हात सवयीनं जोडले जाऊ लागले. मी त्याची दोन्ही मनगटं धरली. तो ती सोडवू पाहत होता. पण मी हात सोडले नाहीत, पाटील वळून जाईपर्यंत सोडले नाहीत.

यानं चांदी परत येत नाही. भुऱ्याचं जे गेलं तेही नाही. बाप वाकला तेव्हा मी हसले, ते पुसलं जाणार नाही आणि मला पुसायचंही नाही. ते आठवत राहिलं तरच पुन्हा तशी हाक मारायला तोंड उघडणार नाही.

गायरान बंद तर बंद. बरडावर आमची ढोरं जगतात, आम्हीही जगू. त्या रेघेखाली आमचं जनावर उभं राहणार नाही. आमचा माणूसही नाही.