डावा गुडघा, उजवा गुडघा

देवराज मोहल्ल्यात एका सोनाराच्या दुकानावर, वीतभर रुंदीचा जिना चढून कमलिनीचा फिजिओथेरपीचा दवाखाना. गुडघेदुख्यांचा दवाखाना माडीवर काढायची अक्कल कुणाची, ते विचारू नका, नवऱ्याची. त्याच्याच नोकरीपायी ती साताऱ्याहून म्हैसूरला आली.

दवाखाना चालायचा तो शेकाच्या मशीनवर. मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरांतल्या बायका गुडघ्यांना पट्टे बांधून ओळीनं पडायच्या आणि पडल्यापडल्या गावातली लग्नं जुळवायच्या, मोडायच्याही. या दरबाराच्या राणी गोदावरीबाई.

मग कमलिनीला नवं खूळ लागलं. शनिवारी चार फिजिओ मैत्रिणी जमून एक शोधनिबंध वाचायच्या. आधी नुसती फिल्टर कॉफीच संपायची. एकदा निबंध खरंच वाचला, तर तो नेमका गुडघ्यांवरचा निघाला. झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार व्यायामाचा, मशीनच्या शेकाचा फारसा भरवसा नाही. कमलिनीनं कॉफी बाजूला ठेवून निबंध पुन्हा वाचला.

सोमवारी मशीन बंद. गोदावरीबाईंनी जाब विचारला.

"संशोधन असं सांगतंय, मावशी."

"त्यात माझा गुडघा होता काय गं?"

"नव्हता."

"अय्यो, मग? समोरच्या दवाखान्यात दोन मशिनी आहेत. चालले मी!"

गोदावरीबाई उठल्या म्हणजे दरबार उठला, आणि दवाखान्याला कुलूप. कमलिनी घाईघाईनं म्हणाली, "पैज लावा! दोन महिने उजव्या गुडघ्याला मशीन, डाव्याला व्यायाम. उजवा जिंकला तर मशीन कायमचं चालू. डावा जिंकला तर तुमच्या सगळ्या फौजेनं पाय उचलायचे."

पैज म्हटल्यावर कोण जातंय! बायकांत दोन तट पडले. गोदावरीबाईंची शेजारीण तुंगा उजव्याच्या, म्हणजे मशीनच्या बाजूनं.

दोन महिन्यांनी गोदावरीबाई कठड्याला हात न लावता जिना चढून आल्या. कमलिनीनं तपासलं. डावा झकास. आणि उजवा? तोही झकास! तिचं तोंड उतरलं. मशीन तर हरलंच नव्हतं. मग तिनं उजवी मांडी चाचपली. तीही डावीसारखीच कमावलेली.

"मावशी, हा पाय काही रिकामा बसलेला नाही."

गोदावरीबाई पंख्याकडे बघू लागल्या.

"टीव्हीसमोर दोन्ही उचलते ती," तुंगानं चहाडी केली. "मी बघितलंय!"

"मग काय करू? डाव्याचे रोज लाड, आणि उजव्यानं तोंड बघत बसायचं? पोटच्या पोरांत असा दुजाभाव करतं का कुणी?"

"अहो, पण आता मशीननं गुण आला की व्यायामानं, कसं कळायचं? शनिवारी मैत्रिणी हसतील मला!"

"हसू देत. मी मेली बिनमशीनच्या डाव्या पायावर बसमध्ये चढते, मला नाही का कळत?" गोदावरीबाईंनी पदर खोचला. "फौज तुझी. ए तुंगा, आडवी पड. पाय वर!"

"मी कशाला? मी तर मशीनवाली!"

"चहाडखोरांना दोन्ही पाय."